चौदा नंबरचा नळ

मावशींच्या घरी कुणी आलं आणि पाणी मागितलं, की पेला आधी तीनदा विसळला जाई. दोनदा नळाखाली आणि एकदा गाळलेल्या पाण्यानं. काठाला बोट लागलंच तर पेला पुन्हा मोरीत. पाहुणा कोरड्या घशानं बसून राही आणि मावशींचे यजमान त्याला समजावत, "थांबा जरा. आमच्याकडे पाण्यासाठी आधी अर्ज करावा लागतो."

ही खोड नोकरीची. गेली एकतीस वर्षं मावशी पाणी आणि खाद्यपदार्थ तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत भांडी धुवायचं काम करत होत्या. तिथले सगळेच त्यांना मावशी म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठा असलेला पहारेकरीसुद्धा. प्रयोगशाळा म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. पहिल्या खोलीत दूध, पिठं, बिस्किटं, लहान मुलांना भरवायच्या भुकट्या. त्यातली प्रथिनं मोजायला तो पदार्थ आम्लात तासन्‌तास उकळत, आणि त्याचा वास संध्याकाळी घरी गेल्यावर मावशींच्या केसांतून येई. कुठे भट्टीत बिस्किटाची राख करून ती तोलून बघत. दुसऱ्या खोलीत पाण्याचा जडपणा, क्षार, क्लोरीन. तिसरी खोली जंतूंची. आणि सगळ्यांच्या शेवटी, जिन्याला लागून, धुण्याची खोली. ती मावशींची. कुठलीही तपासणी असो, ती शेवटी एका खरकट्या भांड्यापाशी येऊनच संपते, असं त्या म्हणत.

भांडी तर कुणीही धुवेल. मावशींचं खरं काम जंतूंच्या बाटल्यांचं होतं. गावभरच्या नळांचं पाणी ज्या बाटल्यांतून तपासायला येई, त्या बाटल्या धुवायच्या, सुकवायच्या, प्रत्येकीत हायपोचे दोन थेंब टाकायचे, बूच लावून वर तपकिरी कागद बांधायचा आणि वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायच्या. हायपो हे तिथलं बोलीतलं नाव. एका साध्या क्षाराचं पाणी. पण त्या दोन थेंबांवर सगळं अडलेलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पाणी बाटलीत भरलं म्हणून ते काही हातावर हात ठेवून बसत नाही. नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तीन-चार तास ते आपलं जंतू मारतच राहतं. म्हणजे नळाशी जे पाणी घाण होतं, ते टेबलावर येईतो स्वच्छ होऊन बसतं आणि कागदावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का पडतो. हायपोचे थेंब त्या क्लोरीनचा जोर तिथल्या तिथे संपवतात. जे नळात होतं तेच टेबलावर दिसतं.

मावशी फार शिकलेल्या नव्हत्या, पण हे त्यांना कुणाही साहेबाइतकं कळत होतं. शाळेची मुलं प्रयोगशाळा बघायला आली की मोठे साहेब मावशींनाच पुढे करत. मावशी नळाच्या पाण्यात क्लोरीन दाखवणारी गोळी टाकत. पाणी गुलाबी होई. मग हायपोचे दोन थेंब, आणि गुलाबी रंग बघता बघता नाहीसा. मुलं ओरडत. मावशी म्हणत, "यात जादू नाही हं. भांडण मिटलं, एवढंच."

मोरीच्या वर एक फळी होती. तिच्यावर थेंब पाडायच्या दोन सारख्या बाटल्या. डावीकडे हायपो, उजवीकडे शुद्ध पाणी, कधीमधी काचपट्टीवर थेंब टाकायला लागे ते. दोन्ही रंगानं पाण्यासारखीच. वाफेनं चिठ्ठ्या सुटून पडत, म्हणून मावशींनी चिठ्ठ्या लावणंच सोडलं होतं. जंतूंच्या खोलीतल्या तरुण बाई, ज्यांना सगळे छोट्या बाई म्हणत, त्यांनी दोन-तीनदा टोकलं होतं.

"मावशी, नाव लिहून ठेवा हो बाटल्यांवर."

"बाई, घरात मीठ घेताना तुम्ही डबा वाचता का?"

छोट्या बाई हसल्या होत्या.

मावशींची थोरली बहीण गावाच्या सखल भागात राहत असे, जलवाहिनीच्या अगदी टोकाला. आक्का मावशींहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मावशींची वेणी घालण्यापासून शाळेची फी भरायला जाण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आता एकटीच होती. तिच्या अंगणातला नळ प्रयोगशाळेच्या यादीत होता, चौदा नंबर. दर मंगळवारी नमुनेवाला मोटारसायकलवरून येई, स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड शेकवी, दोन मिनिटं पाणी सोडून देई आणि मग बाटली भरे. आक्का दारात उभी राहून हे सगळं बघे.

"आलास का माझ्या नळाला चटके द्यायला? हात धुतलेस का आधी?"

"धुतले, आक्का."

"पुन्हा धू. तिकडे माझी बहीण बसलीय."

यादीत आपला नळ आहे याचा तिला कोण अभिमान. शेजारणींना सांगताना ती 'आमचा चौदा नंबर' म्हणे, जसं कुणी आपला मुलगा परीक्षेत कितवा आला ते सांगावं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा मावशींना फोन ठरलेला. तब्येत नाही, हवापाणी नाही, पहिला प्रश्न, "चौदा नंबर काय म्हणतोय?" मावशींनी आदल्या दिवशी फाइल बघून ठेवलेली असे. दहातला एखादा नमुना वाईट निघे. मग मावशी म्हणत, "उकळून पी." आणि आक्का उकळूनच पीत असे, निकाल काहीही असो.

त्या हिवाळ्यात आक्काच्या हातून उकळत्या पाण्याचं पातेलं निसटलं. पायावर फोड आले. आधीच मनगट एकदा मोडलेलं, त्यात भरलं पातेलं उचलायचं. मावशींच्या जिवाला घोर लागला. रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी फाइल बघितलेलीच होती. चौदा नंबर स्वच्छ. गेल्या आठवड्यातला, त्याच्या आधीचा, दोन्ही स्वच्छ.

"आक्का, आता ते उकळणं बंद कर. पाणी चांगलं आहे, मी सांगते ना. पाय भाजून घेतेस आणि वर उकळत बसतेस."

"तू सांगतेस म्हणजे झालं," आक्का म्हणाली. "नाहीतर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

त्या महिन्यात सगळ्या गावाचं पाणी स्वच्छ निघत होतं. मोठे साहेब खुशीत होते. महिन्याच्या अहवालात त्यांनी ते ठळक लिहिलं. छोट्या बाईच तेवढ्या एकदा पुटपुटल्या, "जरा जास्तच चांगलं आहे." त्यांनी आपल्या बाजूनं तपासून पाहिलं. मुद्दाम घाण पाणी घेऊन ते जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत लावलं; जंतू वाढले. म्हणजे बशा ठीक, उबवणीचं कपाट ठीक. मग त्यांनी विषय सोडला. वाईट निकाल आला की माणूस दहा वेळा उलटतपासणी करतो. चांगल्या निकालाला कुणी हटकत नाही.

आणि एके सकाळी आक्काच्या शेजारणीचा फोन आला. आक्काला रात्रीपासून जुलाब-उलट्या, उठवत नाही.

मावशी पोचल्या तेव्हा आक्का दवाखान्याच्या खाटेवर आखडून पडली होती, डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. बाटलीतून सलाइन थेंब थेंब चाललं होतं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं विचारलं, "पाणी कुठलं पितात?"

"नळाचं," मावशी म्हणाल्या. "पण पाणी नाही हो कारण. मी पाण्याच्या प्रयोगशाळेतच असते. ह्यांच्याच नळाचा नमुना असतो आमच्याकडे. अगदी स्वच्छ आहे."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. पुढच्या खाटेवरही त्याच गल्लीतली बाई होती. मावशींनी तिला ओळखलं, पण त्यातून काही निघतं असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या आक्काच्या अंगावर खेकसल्या. काळजीनं माणूस खेकसतो, तसं.

"काहीतरी शिळं खाल्लं असशील. टाकवत नाही तुला. किती वेळा सांगितलं."

"नव्हतं गं खाल्लं." आक्काचा आवाज कुठून तरी खोलातून आला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "असेल. आठवत नसेल मला. तू म्हणतेस तर पाणी चांगलंच असणार."

तीन दिवसांनी, गुरुवारी, मावशी दवाखान्यातून परस्पर कामावर गेल्या. आक्काचं मूत्रपिंड दुखावलंय, असं सकाळी डॉक्टर म्हणाला होता. बाटल्यांचा ढीग साचला होता. त्यांनी बारा बाटल्या ओळीनं मांडल्या, सवयीनं फळीच्या डाव्या टोकाकडे हात नेला आणि बाटली उचलली. ती हलकी लागली.

त्यांनी ती उजेडात धरली. अर्ध्याच्याही खाली. यात नवल नव्हतं. महिनाभर वापरात होती. पण हात परत जाताना उजवीकडच्या बाटलीला लागला आणि ती भरलेली लागली. मावशी थांबल्या. पंचवीस दिवसांपूर्वी छोट्या बाईंनी ताजा हायपो करून दिला होता. तो मावशींनी स्वतः गळ्यापर्यंत ओतला होता, कारण गळ्याशी काचेत एक बुडबुडा होता आणि तो बुडाला की थांबायचं, ही त्यांची खूण. बुडबुडा उजवीकडच्या बाटलीत होता. बुडालेला. तस्साच.

मग त्यांना नळदुरुस्तीवाला आठवला. फळीमागचा पाइप गळत होता म्हणून हायपो ओतला त्याच दुपारी तो आला होता. फळी काढून ठेवली, काम झाल्यावर परत बसवली, वरच्या वस्तू पुसून नीट रांगेत लावून दिल्या. मावशींनी त्याचं कौतुकही केलं होतं. एवढं टापटिपीचं काम कोण करतं हल्ली?

जेवणाची सुटी झाली होती. बाकीच्या खोल्या रिकाम्या. मावशींनी दोन नळ्यांमध्ये नळाचं पाणी घेतलं, दोन्हीत गोळी टाकली. दोन्ही गुलाबी. डावीकडच्या बाटलीतले दोन थेंब पहिल्या नळीत टाकले. रंग होता तसा राहिला. त्यांनी आणखी दोन टाकले. आणखी दोन. गुलाबी ते गुलाबीच. मग उजवीकडच्या बाटलीतले दोन थेंब दुसऱ्या नळीत टाकले, आणि रंग नाहीसा झाला. शाळेच्या मुलांपुढे होई तसाच.

त्या स्टुलावर बसल्या. पंचवीस दिवस. ऐंशी-पंच्याऐंशी बाटल्या. एकेक बाटली तीनदा विसळलेली, कागद बांधलेला, दोरीची गाठ नेटकी, आणि आत दोन थेंब नुसतं पाणी.

कुणाला कळलं नसतं. बाटल्यांची जागा बदलली की झालं. हात डावीकडून उजवीकडे नेण्याइतकंच काम. येत्या मंगळवारपासून नमुने खरे बोलायला लागले असते, चौदा नंबर वाईट निघाला असता, आणि लोकांनी म्हटलं असतं, या आठवड्यात पाणी बिघडलं वाटतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मावशींनी उठून जागा बदलली. एका चिकटपट्टीवर पेनानं 'हायपो' लिहिलं आणि ती पट्टी बाटलीभोवती दोन वेढे देऊन चिकटवली. बारा बाटल्यांत दोन-दोन थेंब टाकले. मोजून. तोंडानं एक, दोन म्हणत. सहाव्या बाटलीशी आपण मोठ्यानं मोजतो आहोत हे त्यांना कळलं, पण आवाज थांबेना.

छोट्या बाई डबा खाऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, "मावशी, आक्का कशा आहेत? आणि ऐका, परवाचा चौदा नंबरही स्वच्छ आलाय हं. म्हणजे पाण्याची तरी काळजी नको."

मावशींच्या हातात बूच होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"बाई, तो निकाल खोटा आहे," त्या म्हणाल्या. "सगळेच खोटे आहेत. बाटल्यांत हायपो नव्हता."

त्यांनी दोन्ही नळ्या दाखवल्या. छोट्या बाईंनी आधी नळ्यांकडे पाहिलं, मग त्या नव्या चिकटपट्टीकडे. मीठ आणि डब्याची गोष्ट दोघींनाही आठवली असणार. छोट्या बाई नळ्या उचलून मोठ्या साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. त्या रागावल्या असत्या तर मावशींना जरा बरं वाटलं असतं.

मोठ्या साहेबांनी सगळं उभ्यानंच ऐकलं आणि मग म्हणाले, "मावशी, आधी दार लावा."

दार लागल्यावर ते खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "अहवाल वर गेलाय. सही माझी आहे. मंगळवारी नवे नमुने येतीलच. जे असेल ते आपोआप बाहेर येईल. मध्ये फक्त पाच दिवस आहेत. कळतंय ना मी काय म्हणतो ते?"

"कळतंय, साहेब."

"तुमच्याच भल्याचं सांगतोय. एकतीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"मंगळवारी नमुने येतील, निकाल लागायला आणखी दोन दिवस," मावशी म्हणाल्या. "सात दिवस झाले, साहेब. त्या गल्लीतली दुसरी बाईपण दवाखान्यात आहे. बहिणीला मीच सांगितलं होतं, उकळू नकोस म्हणून. आता बाकीच्यांना निदान उकळा म्हणून तरी सांगू द्या."

साहेब खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि तो स्वतःही ते जाणून होता. त्यांनी कागद पुढे ओढला, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. नमुनेवाल्याला बोलावून मावशींनी नुकत्याच केलेल्या बारा बाटल्या दाखवल्या; वाफेतून निघाल्या की लगेच निघ, म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भागात कर्णा लावलेली गाडी फिरली, पाणी उकळून प्या, उकळून प्या, असं सांगत.

शनिवारी बशा उघडल्या. बारातल्या सात खराब. चौदा नंबर सगळ्यात खराब. छोट्या बाईंना जंतूंचे ठिपके मोजता येईनात, एवढे दाट. गटाराच्या शेजारून जाणारी जलवाहिनी फुटलेली सापडायला आणखी आठवडा गेला. त्या दिवसांत आक्काच्या समोरच्या घरातली शिंपिणीची म्हातारी सासू गेली. ती तशी वर्षभर अंथरुणालाच होती. मावशींनी छोट्या बाईंना विचारलं, "पाण्यानंच गेली का हो?"

"सांगता येणार नाही, मावशी."

"काहीच तपासता येत नाही?"

"आता नाही."

चौकशी झाली. कागदावर 'परिचराचा निष्काळजीपणा' असे शब्द आले. साहेबांनी ते लिहिले, पण खाली स्वतःचंही नाव लिहिलं, हेही खरं. बाटल्यांचं काम काढून मावशींना पहिल्या खोलीबाहेरच्या टेबलाशी आवक-जावक वहीवर बसवलं. धुण्याची खोली दुसऱ्या बाईकडे गेली. फळीवरच्या प्रत्येक बाटलीवर आता चिठ्ठी होती, वरून मेण लावलेली.

आक्काला मावशींनी स्वतःच सांगितलं. ती घरी आली होती, निम्मी झालेली, पायांवर सूज. मावशींनी बाटल्या, फळी, नळदुरुस्तीवाला, सगळं सांगितलं. आक्का भिंतीला टेकून ऐकत होती. रागावली नाही. मावशींचं सांगून झालं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मग मी शिळं काही खाल्लं नव्हतं तर."

"नव्हतं, आक्का."

"मला वाटत होतं, माझंच डोकं चालेनासं झालं. तिथे खाटेवर पडल्या पडल्या मी सारखी आठवत होते, काय खाल्लं, काय खाल्लं." ती उठायला गेली, मावशी पुढे झाल्या, तिनं हातानंच नको म्हटलं. आतून ती पेला घेऊन आली. "घे. उकळलेलं आहे. शेजारीण उकळून देते."

मावशी पाणी प्यायल्या. पेला विसळलेला होता की नाही, ते त्यांनी बघितलं नाही.

पहिला रविवार आला. मावशींनी शनिवारी फाइल बघून ठेवली होती. पाइप बदलला होता, चौदा नंबर दोन आठवडे स्वच्छ होता, आणि या वेळचा स्वच्छ खराच स्वच्छ होता. संध्याकाळपर्यंत त्या फोनजवळ बसून राहिल्या. यजमान म्हणाले, "तूच लाव की." मावशींनी लावला. आक्कानं पायाची सूज सांगितली, शेजारणीच्या नातवाचं रडणं सांगितलं, झोप लागत नाही म्हणाली. पाण्याचं विचारलं नाही. मावशींनीही काढलं नाही.

मंगळवारी नमुनेवाला परत आला आणि बाटल्यांची पेटी मावशींच्या टेबलावर ठेवून उभा राहिला. नेहमी तो आक्काचं काहीतरी नवं बोलणं सांगून हसवायचा. आज तो टोपी हातात फिरवत राहिला.

"काय रे?"

"मावशी, तुमच्या आक्कांनी आज नळ दिला नाही."

"म्हणजे?"

"म्हणाल्या, आमच्याकडचा नको, शेजारचा घे. मी म्हटलं, आक्का, यादीत तुमचाच आहे. तर म्हणाल्या, यादीतनं काढा म्हणावं." त्यानं टेबलावरची पेटी सरळ केली. "रागानं नाही हो म्हणाल्या. चहापण दिला मला. पण हात धुतलेस का, ते काही विचारलं नाही."

मावशींनी वही उघडली. नमुन्यांच्या ठिकाणांची यादी त्यांच्याच अक्षरात होती, नव्यानं लिहून काढलेली. चौदा नंबरपुढे आक्काच्या घराचा पत्ता होता. त्यांनी पट्टी लावून त्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारच्या घराचा नंबर लिहिला, बाजूला तारीख घातली आणि बदल करणाऱ्याची सही लागते म्हणून सही केली. मग नमुनेवाल्याकडून पेटी घेतली आणि एकेका बाटलीवरची चिठ्ठी वाचून वहीत नोंद करू लागल्या.